टिकल्यांचा तक्ता

टेंभरेबाई कोणत्याही लेकराशी उभ्यानं बोलत नसत. बोलायचं झालं की आधी खाली बसायच्या. गुडघे कटकन वाजायचे. "हं, थांब," असं त्या गुडघ्यांना म्हणत की लेकराला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग पदर कमरेला खोचून, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून विचारायच्या, "सांग आता." पन्नाशी उलटलेल्या, उंच, हडकुळ्या बाई. मी शाळेत नवा होतो तेव्हा एकदा म्हणालो, "मॅडम, खुर्ची घ्या ना समोर." तर म्हणाल्या, "खुर्चीवरून भांग दिसतो सर. लेकरू दिसत नाही."

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारा एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आणि तिथली जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी गोंदिया शहरातला, हिंदीत वाढलेला. पोरं काय बोलतात ते समजायलाच मला पहिलं वर्ष लागलं. बाई तिरोड्याजवळच्या, शेतकरी पवारांच्या घरातल्या. शाळेच्या पुस्तकातली मराठी, पोरांची झाडीबोली आणि घरची पवारी, तिन्हींमध्ये त्या सहज ये-जा करायच्या.

टोल्यावरची म्हातारी माणसं सांगायची की या बाई पूर्वी अशा नव्हत्या. "पह्यले लय मारत जी. पोराच्या गालावर बोटं उमटत." बाईंनीही ते कधी लपवलं नाही. "माझा हात फार चालायचा," असं सरळ सांगायच्या. एकदा वर्गात त्यांनी फळा पुसायला हात वर केला, तर पुढे बसलेल्या पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोरीची काही चूक नव्हती, बाई रागातही नव्हत्या. "त्या दिवशी फळा पुसायचा राहूनच गेला," एवढंच म्हणून त्या ती गोष्ट संपवायच्या.

त्याच सुमारास त्यांचे पती वारले. पुढे तालुक्याला एका प्रशिक्षणात कोणीतरी मुलांच्या चांगल्या सवयींचा तक्ता दाखवला. प्रत्येक मुलाचं नाव, पुढे रकाने आणि रकान्यांत चमकत्या चांदण्या. बाकी शिक्षक चहाला उठले, बाई तो तक्ता उतरवून घेत बसल्या. चांदण्या कुठून आणायच्या हा प्रश्न होता. घरी खणात टिकल्यांची पाकिटं पडून होती, लाल, मरून, हिरव्या, खड्यांच्या. "आता कोण लावते? फेकायलाही जीव होईना," त्या मला म्हणाल्या होत्या. ती पाकिटं संपल्यावर त्या आठवडी बाजारातून नवी आणू लागल्या. पहिल्यांदा बांगडीवाली त्यांच्या कपाळाकडे पाहतच राहिली. बाई म्हणाल्या, "शाळेसाठी आहेत जी," आणि आणखी एक पाकीट मागून घेतलं.

तक्त्यावर रकाने असे होते: नखं कापली, हात धुऊन जेवलो, कोणाला मारलं नाही, खरं बोललो, रोज आलो. हजेरीची ओळ सगळ्यात मोठी. महिनाभराची ओळ पूर्ण भरली की त्या पोराला एक रंगवायचं चित्र मिळायचं आणि ते रंगवायला शाळेची मेणखडूंची पेटी एका रात्रीपुरती घरी नेता यायची. त्या पेटीसाठी पोरं तापातही शाळेत येत. तेव्हा आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं.

रंगवायची चित्रं बाई स्वतः काढून तिरोड्याहून झेरॉक्स करून आणायच्या. दुकानातल्या पुस्तकात पेंग्विन आणि बर्फाची घरं असत. बाईंच्या चित्रांत सारसांची जोडी, धानाची रोवणी करणाऱ्या बाया, पाण्यात जाळं फेकणारा ढिवर आणि मोहफुलांची टोपली. चित्रकला यथातथाच होती. त्यांच्या बैलाला हमखास कुत्र्याचं तोंड यायचं आणि पोरं ते बिनतक्रार रंगवायची. एका पोरानं एकदा अख्खं पान काळं करून आणलं. बैल, गाडी, झाड, सगळं काळं. बाई खाली बसल्या. "काऊन रे, सगळं काळंच काऊन केलं?"

"लाइन गेली होती ना, मॅडम."

बाईंनी त्याला 'खरं बोललो'ची टिकली दिली आणि ते काळं पान सगळ्यांच्या वर, मधोमध लावलं.

सगळंच असं गोड नव्हतं. टिकल्या सुरू झाल्या तशा चुगल्याही सुरू झाल्या. "मॅडम, यानं त्याला मारलं, याची टिकली काढा." एका पोरानं घरी नेलकटर नाही म्हणून शाळेच्या वाटेवर दातांनी नखं ओढली आणि रक्ताळलेली बोटं टिकलीसाठी पुढे केली. बाईंनी ती बोटं धुतली, हळद लावली. दुपारी मला म्हणाल्या, "हे टिकलीचं पण सांभाळून करा लागते सर." त्यानंतर एक नेलकटर कायम त्यांच्या पिशवीत असायचं.

त्यांच्या दुसरीच्या वर्गात पूनम नावाची पोरगी होती. आई लहानपणीच गेली होती, घरात आजी आणि बाप. बाप सुकलाल, रोजानं शेतात जायचा, तलावावर मासे धरायचा आणि संध्याकाळी प्यायचा. पूनमनं एक दिवस बाईंना मागणं घातलं, "मॅडम, मले एक तक्ता पाह्यजे. बाबासाटी."

बाईंनी विचारलं नाही की कशाला. छोटा कागद घेतला, एकच रकाना आखला आणि पूनमकडूनच लिहून घेतलं: आज पेले नाही.

दोन-तीन दिवसांनी सुकलाल शाळेच्या दारात उभा. खाली मान घालून हसत होता. "काय जी मॅडम, या उमरीत माहीच परीक्षा घेऊन राहिल्या का?"

"मी नाही, पोरगी घेऊन राहिली," बाई म्हणाल्या. "पास होऊन दाखवा."

बाजाराच्या दिवसापर्यंत तो टिकला. त्या संध्याकाळी मात्र त्यानं कागद फाडला. पूनम तुकडे घेऊन शाळेत आली आणि बाईंनी ते भाताच्या शितांनी चिकटवून परत दिले. पुढेही तो कागद फाटायचा आणि चिकटवला जायचा. पूनम त्याबद्दल कधी रडली नाही. ती कशाबद्दलच रडत नसे. बाई वर्गात तिचं उदाहरण द्यायच्या, "पाहा, पूनम कशी शहाणी आहे."

श्रावण लागला होता, रोवणी जोरात होती. या दिवसांत मोठी माणसं झुंजुमुंजूला बांधीत, धानाच्या चिखलात, उतरतात, लेकरं उठून आपली आपण शाळेत येतात आणि वर्गात पेंगतात. त्या सकाळी पूनम प्रार्थनेला रांगेत उभी होती. बाईंनी तिचा चेहरा पाहून विचारलं, "काय झालं माय?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम." वर्गात तिनं दप्तरावर डोकं ठेवलं. झोप आली असेल, झोपू दे, असं म्हणून बाईंनी तिला उठवलं नाही.

थोड्या वेळानं ती आपणच उठली आणि भिंतीला धरून तक्त्यापर्यंत आली. "मॅडम, माही टिकली." आवाज नाकातून येत होता. बाईंनी टिकली तिच्या बोटावर ठेवली, पण तिला ती कागदावर नेता येईना. बाई खाली बसल्या. पूनमच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या.

"पूनम, डोळे उघड."

"उघडलेच हायत मॅडम."

बाईंची हाक ऐकून मी धावत आलो. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. मोटरसायकल मी चालवली, मधे पूनम, मागे तिला धरून बाई. रस्ताभर बाई तिच्याशी बोलत होत्या, तिला पाढे विचारत होत्या, बाबानं मासे कोणते धरले ते विचारत होत्या. अर्ध्या वाटेपर्यंत उत्तरं येत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या पाहताच ओळखलं. मण्यार. रात्री खाली निजलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे फक्त पोट दुखतं. इंजेक्शनं दिली, श्वासाच्या यंत्रासाठी गोंदियाला न्यायला अँब्युलन्स काढली. बाई सोबत बसल्या. गोंदिया यायच्या आत पूनम गेली.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. आजी दाराशी बसली होती. कोणी न विचारताच ती सांगत होती, येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, "पायटंपासून पोट दुखून राह्यलं म्हने. मी म्हनली, आज नोको जाऊ माय, पडून राह्य. तं म्हने, नाही, आज माही ओळ पुरी होते. पेटी भेटते."

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या. सुकलाल त्यांच्याजवळ आला, त्या दिवशी तो प्यालेला नव्हता. म्हणाला, "मॅडम, तुमचा काय दोस जी? जनावर होतं." टोल्यावरचं दुसरं माणूसही वेगळं बोललं नाही. सरपंच म्हणाले, पोलीसपाटील म्हणाले, बायाबापड्या म्हणाल्या. सगळ्यांनी मनापासून सांगितलं की बाईंचा दोष नाही. बाईंनी कोणालाच हो म्हटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्या शाळेत आल्या त्या कात्री घेऊनच. तक्त्यावरची हजेरीची पट्टी त्यांनी सरळ कापून काढली. मेणखडूंची पेटी उघडी करून टेबलावर ठेवली, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी. पुढे बरेच दिवस भिंत तशीच राहिली. मग एक दिवस पाहिलं तर तक्त्यावर एकच नवा रकाना होता: दुखलं तर सांगितलं.

मी विचारलं तेव्हा त्या पोरांच्या चपला सरळ लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न रडणाऱ्या लेकराला आपण शहाणं म्हणतो सर. पूनम माझ्या वर्गात सगळ्यात शहाणी होती."

मग काय, टोल्यावरच्या सगळ्या लेकरांना एकाएकी दुखायला लागलं. पोट, कान, दात, पायातला काटा, मांजरानं ओरबाडलेला हात. टिकलीसाठी रांग लागायची. बाई प्रत्येकासमोर खाली बसायच्या, पापण्या पाहायच्या, पोट दाबून पाहायच्या. शिकवणं मागे पडू लागलं. केंद्रावरून साहेब आले, त्यांनी हजेरीचा तक्ता कुठे म्हणून विचारलं. "काढला," बाई म्हणाल्या. साहेबांनी कारण विचारलं, बाईंनी सांगितलं, साहेब चहा पिऊन गेले. मीही एकदा म्हणालो, "मॅडम, निम्मी पोरं खोटं सांगतात." त्या म्हणाल्या, "सांगू द्या. आज खोटं ऐकून घेतलं तर उद्या खरं घेऊन येतील."

रंगवायची चित्रंही बदलली. त्यांनी एक लेकरू काढलं, नुसती बाह्यरेषा, एका बाजूला पुढून आणि दुसऱ्या बाजूला मागून. जिथं दुखतं तिथं रंग भरायचा. पोरांनी गुडघे रंगवले, दात रंगवले. एका पोरीनं अख्खं डोकं जांभळं केलं, कारण आजी घट्ट वेणी घालायची. आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो.

अंकुश नावाच्या पोरानं पुढचं लेकरू कोरं ठेवलं होतं. मागच्या लेकराच्या पाठीवर त्यानं लाल खडूनं ठिपके दिले होते, नीट, सुटे सुटे. बाई त्याच्यासमोर बसल्या.

"सांग आता."

"तिथं बिडी लागते."

"कशी लागते?"

"बाबा लावते."

बाईंनी त्याचा सदरा वर केला. मी दारात होतो, मला तिथूनही दिसलं. त्यांनी सदरा खाली केला, त्याला टिकली दिली. अंकुशला शाबासकी पाहिजे होती, म्हणून त्या हसल्या.

अंकुशचा बाप योगराजभाऊ टोल्यावरचा वजनदार माणूस. स्वतःची बरीच शेती, धानाचा व्यापार, शाळा समितीत मान. आमच्या दोन्ही खोल्यांतले पंखे त्यांनीच दिलेले. बाई आधी त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम, पोट्टा खोटा बोलते. आन घरची गोष्ट आहे. तुमी शिकवा." बाई तिथून उठून आल्या आणि शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या सरकारी नंबरवर फोन लावला. मी जवळच होतो. त्यांनी आपलं नाव, गाव, शाळा, सगळं स्वच्छ सांगितलं. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

पोलीस आले, डॉक्टरांनी पाठ पाहिली, योगराजभाऊंना नेलं. थोड्याच दिवसांत ते जामिनावर परत आले. त्यानंतर टोला बदलला. बाईंना पाणी विचारणारी घरं बंद झाली. बाया म्हणायच्या, "आपल्या घरातलं कायले पाह्यजे इले?" ज्यांची पोरं घरी मार खात नव्हती तेही घाबरले, कारण उद्या आपलं पोरगं काय रंगवेल याचा नेम नव्हता. दुखलं तर सांगायचं, हे लेकरांना शिकवलेलं कोणालाच नको होतं. पूनमच्या मरणाबद्दल ज्यांनी बाईंना एका शब्दानं बोल लावला नव्हता, त्यांनीच आता शाळेला कुलूप लावलं.

त्या सकाळी मी आणि बाई फाटकाबाहेर उभे होतो. समोर जमाव. योगराजभाऊ मागे, झाडाखाली. कोणीतरी सुकलालला पुढे ढकललं. सकाळचीच वेळ, पण त्याला कोणीतरी पाजून आणलं होतं. "सांग ना बे, काय सांगाचं ते." सुकलालनं बाईंकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाला, "माही पोट्टी हिच्या टिकलीपायी गेली."

सगळे बाईंच्या तोंडाकडे पाहू लागले. आता त्या भांडतील, डॉक्टरांचं नाव काढतील, मण्यारीचं नाव काढतील, असं वाटत होतं.

"हो," बाई म्हणाल्या.

सुकलाल तिथंच खाली बसला आणि रडू लागला. बाई दोन पावलं पुढे गेल्या, गुडघे वाजले, त्याच्यासमोर बसल्या. काय बोलल्या ते कोणाला ऐकू आलं नाही. कुलूप मात्र निघालं नाही.

बदलीचा आदेश लवकरच आला, देवरीकडच्या एका शाळेवर. निरोप समारंभ झाला नाही. शाळा उघडली तेव्हा पोरं आली, पण बोलेनात. आई-बापांनी तंबी दिली होती. अंकुशला योगराजभाऊंनी त्याआधीच शाळेतून काढलं. मामाकडे बालाघाटच्या बाजूला पाठवला, असं सांगितलं.

यंदाच्या उन्हाळ्यात बाई मला पुन्हा भेटल्या. मी नवेगावहून येत होतो, कोहमाऱ्याच्या चौकात बस बदलायची होती. दुपारची वेळ, हायवेवर ट्रकांची रांग, ढाब्यांतून फोडणीचा वास. रस्त्याच्या कडेला देवरीकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत बाई उभ्या होत्या. आणखी वाळल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या घरचं विचारलं, शाळेचं विचारलं, कोणत्या पोराला वाचता येतं आणि कोणाला नाही ते नावानिशी विचारलं. मग म्हणाल्या, "अंकुश कुठं आहे?"

"मामाकडेच आहे मॅडम. बरा आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"गावातले."

"त्यानं कोणाला सांगितलं का, बरा आहे म्हणून?"

त्यांनी मामाचं गाव विचारलं. ते मला योगराजभाऊंच्या गड्याकडून कळलं होतं, मी सांगितलं. त्यांनी ते नाव एकदा तोंडानं म्हणून पाहिलं. तेवढ्यात देवरीची बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं घंटीला हात घातला, हाक दिली. बाई पायरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. "जाऊ द्या," त्या कंडक्टरला म्हणाल्या.

गोंदियाकडच्या गाड्या पलीकडच्या वळणावर थांबतात. बालाघाटला तिकडूनच जावं लागतं. बाईंनी पिशवी खांद्यावर चढवली आणि मला म्हणाल्या, "येते सर." दोन्ही बाजूंनी ट्रक सुसाट येत होते. त्या हात आडवा धरून रस्त्यात उतरल्या. एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला, त्या थांबल्या, मग पुन्हा चालू लागल्या. पलीकडे एक काळीपिवळी जीप निघायच्या बेतात होती. बाईंनी तिला थांबवलं आणि वाकून आत शिरल्या.